रेडिओवर गेलेला आमचा कुकर

लॉकडाउनमध्ये रेडिओचा स्टुडिओ बंद झाला आणि परदेशातल्या आमच्या क्रेगीबर्नच्या घरातलं, आत माणूस बसेल एवढं साड्यांचं कपाट रेडिओ केंद्र झालं. मागच्या खोलीतले आमचे भाडेकरू लेखक होते. त्यांच्या देशात लष्कराने सत्ता बळकावली, पुस्तकांवर बंदी आली आणि ते इथे आले. दर शनिवारी दुपारी ते रेडिओवरून लष्करशहांविरुद्ध थेट बोलत. तिकडचे लोक चोरून ऐकत. त्यांची म्हातारी आई तिकडेच राहिली होती. तिकडच्या फोनलाइन तोडल्यापासून ती आहे की नाही, एवढंही त्यांना कळलं नव्हतं.

मी फोनवरच्या ॲपने घरभर आवाज मोजला. हॉल ४१ डेसिबल, बेडरूम ३४, कपाट २६. कपाटाच्या दारावर दोन गोधड्या टांगल्या, फ्रिज बंद केला, बेलवर टॉवेल गुंडाळला. मोजमाप अचूक होतं. फक्त ते सकाळी केलं होतं, आणि आमच्याकडे कुकर लागतो दुपारी.

कपाटात त्यांचा आवाज चढत गेला आणि स्वयंपाकघरात शिट्टी झाली.

"बाबा, ही इज ऑन एअर!" मुलगी ओरडली. बहुधा तेही रेडिओवरून गेलं असावं. मी धावेपर्यंत दुसरी झाली, गॅस बंद करेपर्यंत तिसरी. कपाटातून ते त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले आणि हसले. नंतर त्यांनी अर्थ सांगितला, "घाबरू नका, पोलीस नाहीत. घरमालकांची डाळ आहे."

ती डाळ कच्चीच राहिली. बायको म्हणाली, "सगळं घर मोजलंस, मला तेवढं विचारलं नाहीस."

पुढच्या आठवड्यात, नुकत्याच सीमेपलीकडे पळालेल्या त्यांच्या भाच्याचा मेसेज आला. ते फोन घेऊन अंगणातूनच हाका मारत आले. हसत होते आणि बाहीने डोळे पुसत होते.

"आई विचारते, तीनच शिट्ट्या? मग डाळ कच्ची राहिली असेल."

"बरोबर मोजल्या त्यांनी," मी म्हणालो.

"आईंना कळवा," बायको म्हणाली, "शनिवारी पाच करते."

शनिवारी भाषण संपलं. त्यांनी गोधड्या बाजूला सारल्या, कपाटाचं दार सताड उघडलं आणि पाचवी शिट्टी होईपर्यंत माइक बंद केला नाही.