येरवड्यातली सर्वांत सुरक्षित गाडी

श्यामसुंदररावांनी तीस वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघातात सापडलेल्या गाड्या तपासल्या. त्यामुळे रस्त्यावरून कोरी करकरीत गाडी गेली, तरी त्यांना ती चेपलेलीच दिसे. "पुढचा बंपर, डावा दिवा, बहुतेक रेडिएटरही," असं ते पुटपुटत, एखाद्या डॉक्टरने लग्नाच्या पंगतीत मधुमेही मोजावेत तसे.

असा माणूस निवृत्तीनंतर गाडी घेतो, तो बायकोसाठी. आनंदीवहिनींचे गुडघे एसटीची पायरी चढेनासे झाले होते आणि भोरजवळचं माहेर चार वर्षांत दिसलं नव्हतं. त्यांच्या कसब्यातल्या बोळात गाडी शिरत नाही, म्हणून ती आमच्या येरवड्याच्या सोसायटीत, माझ्या रिकाम्या जागेत उभी राहिली. राहिली म्हणजे राहिलीच. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी, उन्हाळ्यात टायर फुटतात, दिवाळीत गर्दी. दर रविवारी दोघं रिक्षाने यायची. ते गाडी पुसायचे. वहिनी पुढच्या सीटवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत वाटेवरची गावं सांगायच्या. कापूरहोळला भोरच्या रस्त्याला वळलं, की गप्प व्हायच्या.

एका रविवारी त्यांनी विचारलं, एवढा विमा काढलाय तो कशाकशाचा? श्यामसुंदरराव खुलले. थर्ड पार्टी कायद्याने घ्यावाच लागतो. आपण दुसऱ्याला धडकलो तर भरपाई त्याला, आपल्या पत्र्याला छदामही नाही. म्हणून त्यांनी सर्वसमावेशक पॉलिसी घेतली होती. तिच्यात आपल्या गाडीची टक्कर, चोरी, आग, पूर, दंगल सगळं आलं. वर झिरो डेप, म्हणजे सुटे भाग बदलताना घसारा कापत नाहीत. आणि त्याहीवर इंजिनाचं वेगळं कवच. कारण पाण्यात बंद पडलेली गाडी कुणीतरी शहाणा चालू करून बघतोच आणि मग साधी पॉलिसी हात वर करते.

"आणि उभ्या उभ्या म्हातारी झाली तर?"

फडकं थांबलं. जन्मात खोटा रिपोर्ट न लिहिलेला माणूस तो.

"ते कशातच येत नाही," श्यामसुंदरराव म्हणाले. "झीज, जुनेपणा… त्याला विमा नाही."

"अहो, मी गाडीचं विचारतेय. माझ्याकडे काय बघताय?"

पुढच्या रविवारी वहिनी ठेवणीतली साडी नेसून, भावासाठी बाकरवडीचा पुडा मांडीवर घेऊन बसल्या. श्यामसुंदररावांनी पट्टा लावला, देवाचं नाव घेतलं, किल्ली फिरवली. गाडीने हूं की चूं केलं नाही. वर्षभर उभी राहून बॅटरी मेली होती. मेकॅनिक फोनवर म्हणाला, तासाभरात येतो. हा पुण्यातला तास असल्याने मी दोघांना वर चहाला बोलावलं. वहिनींनी पट्टासुद्धा काढला नाही.

"मी आता भोरलाच उतरणार."

मग श्यामसुंदररावही उतरले नाहीत. चहा मीच खाली घेऊन गेलो.