सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरी पाळणा

आमच्या रंगाच्या कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्याला सगळे पाठीमागे 'हेल्मेट' म्हणत. माणूस सरळ, पण धोका दिसल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर नवराबायकोने मूल होऊ द्यायचं ठरवलं, आणि घरात साक्षात कारखाना अवतरला.

बायको शाळेत गणित शिकवायची. दोघं आधी डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या लिहून दिल्या, याची सिगारेट बंद केली आणि म्हणाल्या, "बाकी मजेत राहा." याने घरी येऊन फ्रिजवर तक्ता लावला. त्यात शेवटची ओळ होती : मजा, रोज सायंकाळी सहा ते सात.

"आणि सातनंतर?" बायकोने विचारलं.

"सातनंतर विश्रांती."

चार महिन्यांनी दिवस राहिले. त्याने टेबलांच्या कोपऱ्यांना रबर चिकटवलं, खिडक्यांना जाळ्या बसवल्या आणि प्रत्येक कपाटाला लहान मुलांना उघडता न येणारी कुलपं लावली. ती मोठ्यांनाही उघडत नसत. त्याची आई मदतीला आली होती, ती साखरेसाठी शेजारी जाऊ लागली.

मग दवाखान्यात पोचण्याची रंगीत तालीम सुरू झाली. सातव्या महिन्यात बायकोने साफ सांगितलं, "मी आता उगाच जिने उतरणार नाही." तेव्हा तिची भूमिका आईकडे आली. पोटाला उशी बांधून पासष्ट वर्षांची आई कण्हत जिना उतरायची आणि हा घड्याळ धरून मागे. तिसऱ्या तालमीला वॉचमनने आईचं अभिनंदन केलं. आईने पुढे आठवडाभर खाली जाणं टाकलं.

एका रविवारी सकाळी बायको वह्या तपासता तपासता थांबली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, निघावं लागेल बहुतेक."

दवाखान्याची फाइल कपाटात होती. कुलूप दोन्ही बाजूंनी एकदम दाबून वर ओढायचं होतं. हा दाबायचा तेव्हा ओढायचं राहायचं, ओढायचा तेव्हा दाबायचं. घामाने बोटं सटकायला लागली. शेवटी आईने त्याला बाजूला सारलं आणि स्वयंपाकघरातली सांडशी आणून कुलूप मोडलं.

गाडीत त्याने तिघांचे पट्टे तपासले आणि बैलगाडीच्या चालीने निघाला.

"अहो, तो सायकलवाला पुढे गेला," बायको दात आवळून म्हणाली.

"त्याच्या मागे कोण बसलंय?"

"मी बसले असते तर एव्हाना पोचले असते."

दवाखान्यात त्याने अर्ज भरला. रुग्णाच्या नावापुढे स्वतःचं नाव लिहिलं, हुद्द्यासकट. नर्सने कागद घेऊन बायकोला विचारून दुसरा भरला, आणि याला बाकावर बसवलं. त्या बाकावर चार तास त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. आई सांगते, एवढा घाबरलेला तो शाळेच्या पहिल्या दिवशीही नव्हता.

दुपारी मुलगी झाली. नर्सने दुपट्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली. मुलगी शिंकली. हा जागच्या जागी थिजला.

"बसा की," नर्स म्हणाली. "मोडत नाही ती."

तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला. हाताला मुंग्या आल्या तरी हात हलवला नाही. बायको पलंगावरून बघत होती. म्हणाली, "कशी आहे?"

त्याने मान वाकवून तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "गरम आहे."

बायको हसली आणि डोळे मिटून पडली. आई पुढे होऊन म्हणाली, "आण बघू इकडे."

"आधी हात धुवून ये," तो म्हणाला.

चार पोरं वाढवलेली आई मुकाट्याने नळाकडे गेली.