दाताखाली वाजणारा दाणा

मामी फोनवर रडल्या नाहीत. "कमळा, मामा गेले गं. सकाळी कॉफी घेतली, पेपर मागितला, आणि..." मग म्हणाल्या, "काल शेजारच्या मुलाकडून गच्चीवर बियाणं वाळत घालून घेतलं होतं. ते तेवढं भरायला ये मा. मला जिना चढवत नाही." आम्ही दीड वर्षापूर्वी अंबत्तूर सोडून श्रीपेरुंबुदूरला राहायला आलो, कारण ह्यांना इकडच्या गाड्यांच्या कारखान्यात काम लागलं. तरी दर रविवारी मी मामांकडे जायचेच. नेमके मागचे तीन रविवार गेले नव्हते. एकदा धाकटीला ताप होता आणि दोनदा... दोनदा नुसताच कंटाळा. तो कंटाळा आता रोज आठवतो.

मामा म्हणजे सेतुमाधवराव. माझे नात्याने कुणी नव्हेत. तंजावरकडचे मराठी, सात-आठ पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले. मी माण तालुक्यातली, सातवीत शाळा सुटलेली, लग्न होऊन २००२ साली अंबत्तूरला आले. चार महिने घराबाहेर माझ्याशी कुणी मराठी बोललं नव्हतं. एक दिवस वाण्याच्या दुकानात बाजरीकडे बोट दाखवून नुसते हातवारे करत होते, तर मागून आवाज आला, "बाई, कंबु म्हणा. इकडे बाजरीला कंबु म्हणतात." वळून बघते तर पांढरं धोतर, कपाळावर गंध, हातात छत्री. मला एकदम भरूनच आलं. ते लपवायला मी मूठभर बाजरी उचलली, वास घेतला, एक दाणा दाताखाली फोडला. ते बघतच राहिले. "काय पाहिलंत?" मी म्हणाले, "नीट वाळली नाही. कट् वाजत नाही. महिन्याभरात किडा लागेल." आमची आई पेरणीचं बी असंच बघायची. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी मात्र तिथल्या तिथे विचारलं, "आमच्या घरी काम करालांत काय?"

त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत कचेरी होती. मामा शेतीखात्यातून निवृत्त झाले होते. "तीस वर्षं रासायनिक खताच्या फायली मीच पुढे ढकलल्या, आता त्याच हाताने मागे ओढतो आहे," असं म्हणून स्वतःच हसायचे. तमिळनाडू, केरळ, आंध्र आणि कर्नाटकातल्या शेतकऱ्यांच्या लहान लहान मंडळांना त्यांनी एकत्र जोडलं होतं. ही माणसं विकतच्या औषधाशिवाय शेती करत, घरचं बियाणं जपत, एकमेकांना पाठवत. मामांचं मागणं एकच होतं. हे जे माणसं आपापसात करतात ते सरकारांनीही करावं. एका राज्यात पीक बुडालं तर शेजारच्या राज्यातल्या शेतकऱ्याचं बियाणं सरकारी योजनेतून तिथे पोचावं, आणि त्या धान्याला रेशनच्या दुकानात, शाळेच्या जेवणात जागा मिळावी. त्यासाठी पत्रं, बैठका, पुन्हा पत्रं. "दोन सरकारांच्या सह्या एका कागदावर आणणं म्हणजे दोन सासवांना एका चुलीवर रांधायला लावणं," मामी म्हणायच्या. मामा म्हणायचे, "म्हणून तर तुझ्याकडे शिकतो आहे."

माझं काम बियाणं राखायचं. ऊन द्यायचं, कडुनिंबाचा पाला घालून डबे भरायचे. मामांचे दात खोटे, त्यामुळे शेवटची परीक्षा माझी. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नसे, म्हणून ते जिन्याखाली खुर्ची टाकून बसत आणि तमिळ लाडाने 'मा' लावून ओरडत, "वाजलं काय मा?" मी वरून दाणा फोडायची. "वाजलं, मामा!" कुणी अधिकारी आला की माझी ओळख करून देत, "या आमच्या परीक्षक. यांनी नापास केलं तर मंत्रीही पास करूं शकत नाही." मी पदर तोंडावर घेऊन आत पळायची. पण घरी येऊन ह्यांना चारदा सांगायची.

मग त्सुनामी आली. नागपट्टिणमकडच्या शेतांत समुद्र शिरला, जमिनी खारट झाल्या. सरकारी डेपोतलं बियाणं तिथे उगवेना. मामांनी केरळच्या खाजणातलं, खाऱ्या पाण्यात टिकणारं भाताचं बियाणं मागवलं, आणि आंध्रच्या किनाऱ्याकडूनही दुसरं एक. दोन्ही शेजारी शेजारी पेरायची, दोन राज्यांचे अधिकारी शेतात आणून दाखवायची, आणि त्यावरून बियाण्याच्या देवाणघेवाणीचा तो करार करून घ्यायचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघेही यायला तयार झाले होते.

बियाणं घेऊन नागपट्टिणमला जायच्या चार दिवस आधी मी दोन्ही बियाणी गच्चीवर वाळत घातली आणि पाण्याची मोटार सुरू करून खाली मामींना डोशाचं पीठ वाटून द्यायला गेले. मोटार विसरले. टाकी भरून वाहिली, गच्चीभर पाणी. वर धावले तेव्हा पाणी बियाण्याच्या कडेला लागलेलं. हाताला येईल ते ओढलं, लुगड्यात भरलं... आणि पाणी ओसरल्यावर बघते तर दोन्ही एक झालेली. दाणा दाण्यासारखा. थोडा वेळ निवडायचा प्रयत्न केला, पण माझं मलाच कळेना. शेवटी तेच वाळवून दोन डब्यांत अर्धं अर्धं भरलं, वर चिठ्ठ्या लावल्या आणि गप्प बसले. काम गेलं तर मराठी बोलायचं एकुलतं एक घर जाईल, एवढंच डोक्यात होतं.

तीन दिवस घास उतरला नाही. चौथ्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी, डबे आत ठेवलेले, आणि मी मामांच्या समोर जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. मामांनी चपलेत घातलेला एक पाय बाहेर काढला. मग म्हणाले, "बैस. जेवलीस काय तू?" मी नाही म्हणून मान हलवली. "आधी जेव. उपाशी माणसाला विचारूं नये." डबे त्यांनी गाडीतून स्वतः उतरवले. कचेरीत जाऊन दुपारपर्यंत टाइप करत बसले. मी स्वयंपाकघरात ताट पुढे घेऊन त्या टकटकीकडे कान लावून होते. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "परवायिल्लै, असूं दे. बियाणं पुन्हा मागवूं." मागवलं, पण हंगाम गेला. अधिकारीही पुन्हा एकत्र आले नाहीत. एकाची बदली झाली, दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही.

मला ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून मी गच्चीवर गेले की "वाजलं काय?" च्या आधी एक प्रश्न वाढला. "मोटार?" मी वरून म्हणायची, "बंद!" पहिल्यांदा लाज वाटली, नंतर हसू यायला लागलं.

तेराव्यानंतर मामींनी मला फायली आवरायला बोलावलं. त्यात त्या दिवसाच्या पत्राची प्रत निघाली. इंग्रजी मला येत नाही, मामींनी चष्मा लावून वाचून सांगितलं. दोन्ही सरकारांना लिहिलेलं होतं, 'माझ्या निष्काळजीपणामुळे माझ्या हातून बियाणं मिसळलं गेलं. ते पेरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरेल, म्हणून प्रयोग थांबवत आहे. दोष सर्वस्वी माझा.' खाली सही. मामी म्हणाल्या, "यांना कोठे गच्ची चढता येत होती?" आणि पत्र परत होतं तसं दुमडलं. त्यानंतर चार वर्षं मी त्या घरात वावरले, त्यांच्या हातची कॉफी प्याले, आणि मला हे माहीत नव्हतं.

करार अजून झालेला नाही. केरळची मंडळी म्हणतात, पत्रं आम्ही लिहू, बियाणं तुम्ही राखा. म्हणून रविवारी मी अजून बसने अंबत्तूरला जाते. गेल्या रविवारी केरळचंच भात वाळत घातलं होतं, एकटंच, शेजारी दुसरं काही न ठेवता. उन्हं कलताना एक दाणा दाताखाली घेतला. कट् वाजला. जिन्याखाली खुर्ची आहे तिथेच आहे, मामी ती हलवू देत नाहीत. खालून कुणी काही विचारलं नाही. मी जिन्याच्या तोंडाशी गेले आणि म्हणाले, "बंद आहे, मामा."