दुसरी खाट

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आज शेजारच्या गच्चीवरून शिजलेल्या आंबूस ज्वारीचा वास आला आणि अमळनेरचं आमचं अंगण आठवलं.

त्या उन्हाळ्यात सूनबाईने ज्वारीचे पापड, म्हणजे आमचे बिबडे, दोन खाटांवर वेगवेगळे वाळत घातले होते. एरवी एकच खाट भरायची. माझ्या मनात आलं, वेगळं बिऱ्हाड थाटायची ही तयारी.

"ही दुसरी खाट कोणासाठी शे?"

"ताईंसाठी, आबा. त्यांचा हात मोडलाय ना."

"माझ्या लेकीचं नाव पुढे करू नको. वेगळं व्हायचं तर आजच व्हा!"

मुलगा दारात उभा होता. "आबा, असल्या संशयात राहण्यापेक्षा वेगळंच बरं," एवढंच तो म्हणाला. त्याच आठवड्यात दोघं धुळ्याला गेली.

नंतर लेक आली. हात गळ्यात बांधलेला. आल्या आल्या विचारलं, "वहिनीने माझे बिबडे कुठे ठेवलेत?"

मुलांनी कधी घर सोडावं हे त्यांनी ठरवायचं होतं. ते मी ठरवलं, तेही खोट्या शंकेवरून.

अजूनही धुळ्याला गेलो की सूनबाई हसून पाणी देते. 'माझं चुकलं' म्हणायला मी तोंड उघडतो आणि विचारतो, "यंदा इकडे ऊन फार शे का?"