खेळाने धाडलेला निरोप

नवरा बोटीवर गेला की मी कॉम्प्युटरवर नवे खेळ उघडून बघते. त्या दुपारी बाग लावायचा एक खेळ उघडला. बागेला पाणी घालायला ओळखीची माणसं जोडा, असं त्यात होतं. खालचं काही न वाचता मी 'हो' दाबलं आणि चहा ठेवायला गेले.

चहा उकळायच्या आत फोन सुरू झाले. आधी जावेचा, मग नवऱ्याच्याच बोटीवरल्या एकाच्या बायकोचा. "बोटीचं काय कळलं गो?" दोघींचा आवाज कापत होता. यांना काहीतरी समजलंय आणि मला कोणी सांगत नाही, असंच वाटलं. मी देवापुढे दिवा लावला.

तिसऱ्या फोनवर नणंदेने उलगडा केला. मेल्या खेळाने माझ्या नावाने सगळ्यांना 'मला ताबडतोब मदत हवी आहे' असा निरोप धाडला होता. खलाशाच्या बायकोने मदत मागितली, की आमच्याकडे दुसरं काही मनात येतच नाही.

संध्याकाळी बोटीवरून फोन आला. निरोप त्यालाही पोचला होता. मागे एकदा वादळातून सुटल्यावरही ज्याचा आवाज कापला नव्हता, तो आज कापऱ्या आवाजात विचारत होता, "घरात सगळी बरी आहात ना?"