शनिवारचा तीन मिनिटांचा फोन

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर होते. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. बाहेर जाणारा प्रत्येक फोन माझ्या हातून जायचा आणि त्याचा मला तोरा होता. का नसावा? मग शेठनी नवीन इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आणलं. ते बसवणारा माणूस नियम कसे भरायचे ते मला शिकवून गेला. माझ्याच फोनवरून कोड दाबायचे, पीं असा लांब आवाज आला की मशीनला समजलं. शून्य दाबलं की बाहेरची लाइन. पॅकिंगच्या फोनला तीही नाही, बसा आतल्या आत बोलत. अकाउंट्सला लोकल तेवढं. शेठच्या केबिनला सगळं मोकळं. बाकीच्यांना एसटीडी, म्हणजे परगावचे फोन, चालू, पण तीन मिनिटं झाली की मशीन आपणहून फोन तोडणार.

हा शेवटचा नियम आमच्या सेल्समनच्या कृपेने आला. हा गडी पार्टीशी भांड्यांवरून बोलायला लागायचा तो थेट साडूच्या मुलाच्या मुंजीपर्यंत पोचायचा. शेठ वैतागले. "बेन, सबको ताला मारो." मी मारला. सबको म्हणजे मलाही.

आई गेल्यापासून आबा देवगडजवळच्या आमच्या गावात एकटेच होते. मी एकुलती एक. शेठनी मला दर शनिवारी ऑफिसातून आबांना फोन करायची मुभा दिली होती. तसा माणूस मनाचा मोठा. आबा वेळेआधीच वाण्याच्या दुकानात येऊन फोनपाशी बसायचे. एसटीडी बूथवरून बोलून पाहिलं होतं, पण मागे रांगेतला कुणी काचेवर टकटक करायचा आणि माझ्या जिवाची घालमेल व्हायची. आबांशी घाईत बोलून चालायचं नाही. ते अडखळत बोलायचे, जन्मापासून. एकेका शब्दापाशी अडायचे, मान ताणायचे, डोळे मिटायचे. आईचा घरात सक्त कायदा होता, त्यांच्या तोंडचा शब्द काढून घ्यायचा नाही. कितीही वेळ लागो, थांबायचं. पाव्हणेरावळे पटकन त्यांचं वाक्य पुरं करायचे तेव्हा आबा नुसते मान डोलवायचे, वाक्य चुकीचं असलं तरी. मला त्या लोकांचा अस्सा राग यायचा!

मशीन आल्यावरच्या पहिल्या शनिवारी खुशाली झाली आणि आबा म्हणाले, "बाय, माका... माका तु... तु..." मी थांबले. टीं टीं वाजलं आणि फोन तुटला. मी लगेच पुन्हा लावला. वाणी म्हणाला, "आबा गेले मगे. तुया फोन ठेवलंस म्हणान." मी ठेवीन का हो?

पुढच्या शनिवारी मी खुशाली वगैरे काही विचारलं नाही. "आबा, फोन मी नाही, मशीन तोडतं. बोला, मी ऐकतेय." पण टीं टींची धास्ती त्यांनाही बसली होती. "माका" च्या पुढे गाडी सरकेना. परत तुटला, आणि मी पुन्हा लावेपर्यंत आबा उठून गेलेले. त्यांना काहीतरी मागायचं होतं एवढं मला कळलं. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. दवाखाना असेल? कौलं? की आणखी काही?

शेवटी मी शेठच्या केबिनमध्ये गेले. नियम मोडायचा म्हणून चाचरत विचारलं. शेठनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाप है ना? फिर पूछती क्या हो? खोल दो."

त्या शनिवारी मी कोड दाबला, माझ्या फोनची मर्यादा काढून टाकली आणि नंबर फिरवला. "आबा, आज तुटणार नाही. निवांत बोला."

आणि आबा बोलले. दोनदा थांबले, खोकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून बसले होते. तुकड्यातुकड्यानं ते आलं. "माका तुज्याकडे ने गो. हंय घर खावक उठता."

आमची मीरा रोडची एक खोली. तीत सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. दीर गॅलरीत झोपायचा. त्याचं लग्न ठरत आलं होतं आणि नव्या जोडप्यानं पडदा कुठे लावायचा यावरून घरात रोज वाजत होतं. हो म्हणायचं होतं मला. देवाशप्पथ, म्हणायचं होतं. पण हो म्हणायला ते घर माझं कुठे होतं? सासूबाईंना काय सांगू, कुठली जागा दाखवू, आबांना कुठे झोपवू? "आबा..." एवढंच म्हटलं आणि पुढे मीच अडले.

आबा थांबले. मग एकदाही न अडखळता म्हणाले, "रवांदे गो बाय. असाच इचारलंय."

फोन त्यांनीच ठेवला.

त्यानंतरही ते दर शनिवारी दुकानात येऊन बसायचे. पाऊस कसा आहे, मुलं कशी आहेत, विचारायचे. आमचं बोलणं तीन मिनिटांच्या आत संपायचं.