न जुळलेले पत्ते

मला बिबट्याची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते. बिबट्यासाठी काम करणाऱ्या संस्थेत बसून असं बोलायचं नसतं. तिथं सगळे छाती पुढं काढून सांगतात, तोच आपल्याला घाबरतो. सांगू देत. आमचं घर शिरूरच्या कडेला आहे आणि मागच्या दाराला लागून ऊस. संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढायचे तर मी मोबाईलवर गाणं मोठ्यानं लावते, एका हातात बॅटरी धरते आणि दुसऱ्या हातानं कपडे ओढते. चिमटे उडून उसात जातात, ते मी आणत नाही. नवऱ्याला हसू येतं. यायला काय जातंय, तो त्या वेळी कंपनीत मशिनीपाशी उभा असतो. तिथं कुठला आलाय बिबट्या.

संस्थेत माझं काम खुर्चीवरचं. कुठं बिबट्या दिसला की लोकांनी आमच्या वेबसाइटवर नोंदवायचं, मग आमची माणसं जागेवर जाऊन बघणार आणि वनखात्याला कळवणार. फोन नंबरही होता, पण त्यावर निम्मे लोक मांजराला बिबट्या म्हणायचे आणि उरलेले उगाच शिव्या द्यायचे. म्हणून नोंद वेबसाइटवर. गावागावाचं वेगळं पान होतं. कोणत्या गावचं पान किती उघडलं जातंय, हे मी बघायचे. एखाद्या गावचं पान अचानक सारखं उघडायला लागलं की समजायचं, तिथं माणसं धास्तावलीत.

पण हिशेब जुळायचा नाही. पानाचा पत्ता ओळखीचा असला तरच माझा तक्ता त्याला त्याच्या गावात टाकायचा. ओळखीचा नसला की तो खाली एका ढिगात जायचा. त्या ढिगाचं नाव होतं ‘न जुळलेले’. आणि ढीग तर दिवसेंदिवस फुगत चालला होता. लोक लिंक एकमेकांना पाठवतात, तेव्हा काही ॲप पत्त्याला मागून लांबलचक शेपूट चिकटवतात, अक्षरं-आकडे कसलेही. पान तेच उघडतं, पण तक्त्याला ते परकं वाटतं. आमच्या सचिवांना त्या ढिगाचं काही नव्हतं. कचरा आहे तो, काढून टाका, म्हणाले. यांचं बरं आहे, दिसलं नाही की नाहीच. मी काही काढला नाही. बसून एकेक शेपूट छाटायचे नियम लिहिले. पत्ते भराभर आपापल्या गावात जाऊन बसले आणि मला फार बरं वाटलं, दाण्यातले खडे निवडून झाल्यावर वाटतं तसं.

शेवटी तळाशी एक पत्ता राहिला. त्याला शेपूट नव्हतं. तो खुटबावच्या पानाचा मागच्या हंगामातला पत्ता होता. मधल्या काळात पुण्याच्या मुलांनी वेबसाइट नवी करून दिली तेव्हा सगळ्या पानांचे पत्ते बदलले आणि जुने बंद झाले. बंद पत्ता उघडला तर पान सापडलं नाही अशा अर्थाची पाटी येते. असं झालं की माणूस चरफडतो आणि निघून जातो. पण हा पत्ता कुणीतरी रोज उघडत होतं. रोज दिवेलागणीला, एकाच फोनवरून, थोड्या थोड्या वेळानं परत परत. आणि अलीकडं तर पहाटेसुद्धा.

दिवेलागण आणि पहाट या वेळा कुणाच्या, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आमची जीप आप्पा चालवतात. एसटीतून निवृत्त झालेले, बोलणं तिकिटाएवढं. त्यांना दाखवलं. सवय असंल कुणाची, म्हणाले. मी म्हटलं, आप्पा, बंद दार रोज वाजवायची सवय कुणाला असते? त्यांनी चहा संपवला आणि किल्ली उचलली.

न्हावरा, पारगावचा पूल, चौफुला असं करत खुटबावला पोचलो. ऊसतोडीचा हंगाम, रस्ताभर ट्रॉल्या. ज्यांच्या रानात मागच्या वर्षी पिंजरा लावला होता ते शेतकरी मामा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. बिबट्या? यंदा नाही बुवा, म्हणाले. रान मोकळं, ऊस तुटून गेलेला, कुत्री निवांत पडलेली. म्हटलं, घ्या, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. खरं सांगते, जीव हलका झाला. इथूनच परत फिरावं असं फार वाटलं. पण मग तो पत्ता कोण उघडतंय? मामांनी जरा आठवून सांगितलं. मागच्या वर्षी त्यांच्या रानात ऊसतोड्यांची टोळी उतरली होती, तिच्या मुकादमाला त्यांनीच ती लिंक पाठवली होती. टोळी यंदा पाटसच्या पलीकडं आहे. त्यांनी लगेच मुकादमाला फोन लावला. उचलला नाही. परत लावला, तरी नाही. आप्पा जीपमध्ये जाऊन बसलेसुद्धा.

पाटसच्या पुढं हायवे सोडून आत वळलो तेव्हा उन्हं पार तिरपी झाली होती. दोन्ही बाजूंना उभा ऊस, मधून गाडीवाट. मी काच वर घेतली.

टोळीच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उसाला खेटून होत्या, पाचटाच्या, वरून प्लॅस्टिक टाकलेलं. गडीमाणसं उसानं भरलेल्या गाड्या घेऊन कारखान्यावर गेलेली. मागं बायका आणि पोरं. पोरांना एका रिकाम्या ट्रॉलीत बसवलं होतं आणि एक म्हातारी हातात कोयता घेऊन ट्रॉलीच्या तोंडाशी उभी. ऊस तोडायची वेळ टळून गेली होती. कोयता कशासाठी ते कुणी सांगायला नको होतं.

मुकादमाची सून पुढं आली. पाठीला पोरगी लुगड्यानं बांधलेली. पोरगी चांगली चालती-फिरती, बांधायचं वय गेलेलं. तिचे पाय खाली लोंबत होते. रोज सांजंपासून असंच बांधते, म्हणाली, खाली सोडायचा धीर होत नाही. शेळी गेली परवा. पाण्याच्या पिंपापाशी रोज सकाळी माग असतात. मी तिकडं बघितलं. चिखलात पंजा उठला होता, माझ्या तळहाताएवढा.

मी विचारलं, एवढं होतंय तर कुठं कळवलं का नाही.

“कळवलंय की,” ती म्हणाली. “नंबर बी आलाय आमचा. चारशे चार.”

तिनं फोन माझ्यापुढं धरला. सासऱ्यानं तो तिच्याकडं ठेवला होता, त्यावर मामांचे फोन येऊन पडले होते, आवाज बंद. बिबट्याला फोन वाजलेला चालत नाही अशी तिची समजूत. पडद्यावर आमचीच पाटी होती. पुण्याच्या मुलांनी हौसेनं केलेली, हिरवीगार, वर बिबट्याचा पंजा, मध्ये मोठ्ठा ४०४ आणि खाली बारीक इंग्रजीत एक ओळ. पान सापडत नाही तेव्हा वेबसाइटवर दिसतो तो आकडा. सगळ्या जगात तोच असतो. तिला ते कुठून ठाऊक असणार.

“रोज उघडून बघते, सरकला का म्हणून. हलंना झालाय. पुढं लई माणसं असत्याल.”

कारखान्याच्या गाडीअड्ड्यावर असंच असतं. गाडी नेली की नंबर मिळतो आणि नंबर पुकारेपर्यंत बैल सोडून गप बसायचं. मध्ये घुसणाऱ्याला तिथं मार खावा लागतो. या माणसांचा सगळा जन्म नंबर लागायची वाट बघण्यात गेलेला. मागच्या वर्षी कळवलं होतं, पिंजरा आला होता. यंदाही येईल. म्हणून कुणी फोन केला नाही, आरडाओरडा केला नाही, लेकरू पाठीला बांधलं आणि थांबले. मला रडू फुटायला आलं, आणि त्या हौशी मुलांच्या कानाखाली वाजवावी असंही वाटलं.

आप्पांनी वनखात्याला फोन केला आणि मला म्हणाले, आधी पोरं हलवू. गावातल्या देवळाचा मंडप बंदिस्त होता. पण सगळी एका खेपेत मावेनात. ट्रॉलीतली पोरं, म्हातारी आणि बाकीच्या बायका जीपमध्ये कोंबल्या. राहिलो आम्ही दोघी आणि पाठीवरची पोरगी. पुढच्या खेपेला येतो, म्हणाले. जीपचा आवाज लांब गेला आणि मग तोही ऐकू येईना.

तिनं चुलीत पाचट घातलं. जाळ झाला. आम्ही एकमेकींना पाठ लावून उभ्या राहिलो, मध्ये पोरगी. उजेड भराभर कमी होत होता. मी मोबाईलवर गाणं लावायला गेले, तर लागेचना. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, असं आमची आई म्हणायची, तेवढंच डोक्यात फिरत होतं. मग कोपीच्या पलीकडून आवाज आला. पाणी पिण्याचा. लप लप लप, सावकाश, कसलीही घाई नाही. पिंप तिकडंच होतं. पोरगी झोपेत हलली आणि तिच्या आईनं हात मागं नेऊन तिचं तोंड दाबलं. मला माझं घर आठवलं नाही, देव आठवला नाही, काही म्हणजे काही आठवलं नाही. नुसती भीती होती. आवाज थांबला. त्यापुढचं काहीच ऐकू येईना, आणि ते जास्त वाईट होतं. जीपचे दिवे वळणावर दिसेपर्यंत आम्ही तशाच उभ्या होतो. आप्पांनी दोघींना दंडाला धरून आत बसवलं.

वनखात्याची माणसं आली, पिंजरा लागला आणि पुढं बिबट्या त्यात सापडला, मादी होती. टोळी दुसऱ्या मोकळ्या रानात हलली. पोरगी धड आहे, बांधलं नाही तर आता जाम धावते म्हणे. मी जुने सगळे पत्ते नव्या पानांना जोडून दिले. ती हिरवी पाटी काढायला लावली आणि तिथं मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं की तुमची नोंद झालेली नाही, आम्हाला फोन करा. खाली ऑफिसचा नंबर. सचिव म्हणाले, छान झालं, विषय मिटला.

मग एक दिवस ऑफिसात फोन आला. कोरेगाव भीमाकडून, ऊसतोडीच्या टोळीतला माणूस, आवाज अगदी नरम. पाटसच्या टोळीत त्याची मेव्हणी होती.

“ताई, तिथं चारशे चार नंबरला पिंजरा आला म्हणं,” तो म्हणाला. “आमचा बी चारशे चारच हाय. मेव्हणीनं लिंक धाडली तवा यकदाच उघडली, तवापासनं. घाई न्हाई, पर काल कुत्रं गेलं आन् लेकरं हायती, म्हणून इचारलं.”

खिडकीबाहेर उन्हं उतरायला लागली होती. कुठं आहात तेवढं सांगा, मी म्हटलं, आणि आप्पांना हाक मारली.